निळा सोडून बाकी सगळे

"शांत राहा" असं मला कुणी म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आमच्या घरात हे दोन शब्द गेलं सव्वा वर्ष सारखे ऐकू येत होते. डॉक्टर बाबांना म्हणायचे, दादा परगावाहून फोनवर बाबांना म्हणायचा, आई मला म्हणायची, आणि मी दिवसभर अनोळखी माणसांना म्हणायचे. मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात फोनवर बसते. सकाळी नऊपासून लोक माझ्यावर ओरडतात आणि मी मधाळ आवाजात "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे" असं सांगते. तो आवाज संध्याकाळपर्यंत संपून जातो. घरच्यांच्या वाट्याला खरी मी येते.

पण ही गोष्ट माझी नाही, बाबांची आहे. मध्ये मध्ये मी ओरडेन, तेवढं चालवून घ्या.

बाबा कापडाच्या कारखान्यात रंगखात्यात होते. चौतीस वर्षं. शेड जुळवणं हे त्यांचं काम. गिऱ्हाईक एक चिंधी घेऊन यायचं आणि म्हणायचं, अगदी हाच रंग पाहिजे, इतके हजार मीटर. बाबा ती चिंधी घेऊन उत्तरेच्या खिडकीशी जायचे. उत्तरेलाच का, तर तिथून थेट ऊन कधी येत नाही, उजेड दिवसभर एकसारखा राहतो. चिंधी ते उभी धरायचे, आडवी धरायचे, पाठ फिरवून पुन्हा एकदम बघायचे, आणि मग कोणते तीन रंग किती वजनाने घालायचे ते तोंडी सांगायचे. पहिल्या वाफेतला नमुना सुकला की पुन्हा खिडकी. कारखान्यात त्यांना सगळे 'घार' म्हणायचे. त्यांच्या तोंडावर म्हणायचे, आणि बाबांना ते आवडायचं.

त्या नजरेपायी आम्ही खूप सोसलं आहे. दुकानातल्या दिव्याखाली बाबांनी कधी एक रुमालसुद्धा विकत घेतला नाही. शर्ट हातात घेतला की ते तडक रस्त्यावर निघायचे, उजेडात बघायला. दुकानदाराला वाटायचं हा माणूस शर्ट घेऊन पळतोय. आई गल्ल्यापाशी ओलीस असल्यासारखी उभी राहायची आणि म्हणायची, "येतील हो, परत येतील, मी आहे ना इथे."

तर अशा माणसाला त्याच्या कारखान्याने पत्र पाठवलं. त्यात लिहिलं होतं की आपली दृष्टी क्षीण झाल्यामुळे आपल्या हातून सदोष माल बाहेर गेला आहे, सबब चौकशी पूर्ण होईपर्यंत आपण घरी राहावे.

झालं होतं असं. त्याआधी सहा महिने कारखान्यात नवे साहेब आले. तरुण, शिकलेले, वाईट माणूस नव्हे. त्यांनी रंगखात्यात थंड हवेची केबिन बांधून घेतली. केबिनला भिंत हवी होती, ती नेमकी उत्तरेच्या खिडकीवर आली. बाबांनी सांगितलं, "साहेब, ट्यूबलाइटखाली दोन निळे सख्खे भाऊ वाटतात. उजेडात आणले की सावत्र निघतात." साहेब हसले. बाबांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं. तिन्ही वेळा तोंडी, कारण बाबांच्या पिढीला वाटतं की माणसाने माणसाला सांगितलं म्हणजे सांगितलं. मग एका इस्पितळाच्या गणवेशाचं काम आलं. शर्टाचं कापड वेगळं, पॅंटचं वेगळं, रंग एकच हवा, निळा. ट्यूबखाली जुळला. आठ हजार मीटर गेलं, शिवलं गेलं, वाटलं गेलं. पहिल्या दिवशी सगळे कर्मचारी कामावर जाताना उन्हात आले, आणि प्रत्येकाचा शर्ट जांभळट आणि पॅंट हिरवट. माल परत आला. कुणाच्या तरी माथी मारायला हवा होता. बाबा म्हणाले, खिडकी बंद आहे. तेव्हा कार्यालयातलं कुणीतरी म्हणालं, "नाचता येईना, अंगण वाकडं."

हे वाक्य बाबांनी घरी येऊन आम्हाला सांगितलं, आणि त्या दिवशी जेवले नाहीत. मी मात्र दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. भांडायला ताकद लागते.

घरी बसल्याच्या दुसऱ्या महिन्यात बाबांची छाती अडली. खोकला जुना होता. रंगखात्यातल्या सगळ्यांनाच असतो, कुणी त्याला आजार म्हणत नाही. डॉक्टरांनी फोटो बघितला आणि जिने बंद केले. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. म्हणजे आधी कारखान्याने सांगितलं घरी राहा, मग डॉक्टरांनी सांगितलं घरीच राहा. रस्त्यावर उजेडात रुमाल बघायला जाणारा माणूस दोन खोल्यांत येऊन पडला.

पहिले काही महिने त्यांनी घरातल्या प्रत्येक वस्तूशी भांडण काढलं. रेडिओशी, कुकरच्या शिट्टीशी, खालच्या मजल्यावरच्या पायताणांच्या आवाजाशी. वर्तमानपत्रातल्या छापील फोटोंचे रंग सरकलेले दिसले की ते पेपर चुरगाळून फेकायचे. राग आला की खोकला यायचा आणि खोकला आला की आणखी राग. आई म्हणायची, "त्या कारखान्यावाल्यांना सांगा, यांना कामावर घ्या, नाहीतर मला तरी घ्या."

मग दादाचं पार्सल आलं. माझा दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा आहे आणि फोनवरून कर्तव्य करण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. पार्सलमध्ये रंगांची पेटी, बारा ब्रश, आणि एक जाडजूड पुस्तक. मन शांत करणारी चित्रं. नुसत्या रेषा छापलेल्या, पानं, फुलं, पिसारे, आत आपण रंग भरायचे. दादा फोनवर म्हणाला, "बाबा, मोठमोठी माणसं हे करतात. छंद लावून घ्या. ताण जातो."

बाबांनी पुस्तक चाळलं. "हे तर कुणीतरी आधीच काढलंय."

"हो, तुम्ही फक्त रंग भरायचे," मी म्हटलं.

"कोणते?"

"तुम्हाला हवे ते."

त्यांनी पुस्तक मिटलं. "हवे ते रंग कुणी भरतं का? रंग जो असतो तो असतो."

आठ दिवस पुस्तक कपाटावर पडून होतं. मग एकदा मी कामावरून आले तर बाबा कात्री घेऊन बसले होते. पुस्तकातली पानं कापून त्यांनी पत्त्यांएवढे तुकडे केले होते, आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर रंग लावत होते. नुसता एक चौकोन. समोर खिडकीचा गज. गजावरचा गंज त्यांना हवा होता. चार दिवस लागले. लावायचा, सुकू द्यायचा, गजाशी धरायचा, फेकायचा. "ओला रंग खोटं बोलतो," ते म्हणाले, "सुकल्यावर खरं सांगतो." पाचव्या दिवशी त्यांनी तो तुकडा गजावर ठेवला आणि मला बोलावलं. मला तुकडा दिसेचना. तो गजात विरघळून गेला होता.

त्यानंतर घरातलं काही सुटलं नाही. तव्याची पाठ, आईची शाल, माझ्या चपलेचा झिजलेला अंगठा, उंबऱ्यावरचा डाग, साबणाची वडी नवी असताना आणि संपताना. प्रत्येक तुकड्याच्या मागे पेन्सिलीने वस्तूचं नाव, तारीख, वेळ. पलंगासमोरच्या भिंतीचे त्यांनी एका दिवसात अकरा तुकडे केले, सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत, तासातासाला एक. ते ओळीने लावले तेव्हा पहिला राखाडी, मधले पिवळसर, शेवटचा जवळजवळ मातीचा. आपली भिंत पांढरी नाही, हे मला वयाच्या एकतिसाव्या वर्षी कळलं.

आणि हो, ते शांत झाले. मला कबूल करायला जड जातं, पण झाले. रंग कालवताना खोकला कमी यायचा. बोटाला लावून प्राणवायू मोजायच्या त्या छोट्या यंत्रावरचा आकडा सुधारायचा. आठला बसायचे, पाचला उठायचे, मध्ये जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी. रेडिओला शिव्या देणं थांबलं. दादा म्हणाला, "बघ, मी म्हटलं होतं ना, छंद!" मी फोन आईकडे दिला, नाहीतर आमच्या घरातलं एक नातं त्या दिवशी तुटलं असतं.

कारण मला त्या शांतपणाचाच राग यायचा. ज्याच्यावर अन्याय झालाय त्याला रंगाची पेटी द्यायची आणि म्हणायचं शांत हो! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशाला सांगायचं, फास आवळताना श्वासाकडे लक्ष दे. बाबा रंगवत होते तेव्हा मी अर्ज लिहीत होते. अकरा अर्ज लिहिले. पालथ्या घड्यावर पाणी. "आपले पत्र मिळाले", "बाब विचाराधीन आहे". तक्रार विभागात बसून मी हीच वाक्यं लोकांना ऐकवते, त्यामुळे त्यांचा अर्थ मला चांगला ठाऊक आहे. बाराव्या अर्जात मी लिहिलं: माझ्या वडिलांची नजर आजही कारखान्यातल्या कुणाहीपेक्षा तेज आहे. हिंमत असेल तर त्यांची परीक्षा घ्या, पण उजेडात घ्या.

आणि काय सांगू, उत्तर आलं. कर्मचारी जिने उतरू शकत नसल्याने चौकशी अधिकारी नमुने घेऊन घरी येतील. तीन आठवड्यांनी, मंगळवारी, सकाळी अकरा वाजता.

मी पत्र हातात घेऊन दोन खोल्यांत नाचले. बाबा ब्रश धूत होते. "परीक्षा?" ते म्हणाले. "तू मागितलीस?"

"मग काय! आता बघतेच एकेकाला."

त्यांनी ब्रश पुन्हा धुतला, जो आधीच स्वच्छ होता. आईने माझ्याकडे बघितलं आणि स्वयंपाकघरात गेली. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी जिंकायच्या नादात होते.

मंगळवारच्या आधीच्या रविवारी दुपारी बाबा झोपले होते. मी ठरवलं, हे तुकडेच पुरावा म्हणून लावायचे. प्रत्येक तुकडा त्या त्या वस्तूवर ठेवायचा आणि मोबाइलवर फोटो काढायचा. दीडशेच्या वर तुकडे होते. शाल, चोख. तवा, चोख. चपलेचा अंगठा, चोख. मला अभिमानाने रडू येत होतं. मग न्हाणीघरातली बादली आली. निळी बादली. तुकडा बादलीवर ठेवला.

तो जुळत नव्हता. थोडाथोडका नव्हे, आंधळ्यालाही कळलं असतं. बादली निळी आणि तुकडा शेवाळलेल्या पाण्यासारखा. मला वाटलं, दुसऱ्या कशाचा तुकडा असेल. मागे बघितलं: 'बादली, दुपारी बारा'. मग मी वेड्यासारखी सगळे निळे शोधून काढले. दाराची कडी, माझा रेनकोट, औषधाच्या बाटलीचं झाकण. सात होते. सातही चुकलेले. आणि तारखा लावून बघितल्या तर गेल्या चार महिन्यांत निळा तुकडा एकही नव्हता. घरात निळ्या वस्तू तशाच होत्या. बाबांनी त्या सोडून दिल्या होत्या.

मी वर बघितलं तर दारात बाबा उभे होते, एका हाताने चौकट धरून.

"निळा गेला," ते म्हणाले.

"कधी?"

"नक्की नाही सांगता येत. घरी बसल्यावर कळलं. मला तर ती बादली जुळलीच होती. तुझ्या आईला हौसेने दाखवायला गेलो, तर ती म्हणाली, अहो, हे काय भलतंच."

मी आईकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"मला वाटलं, हे सांगतील तुला," आई म्हणाली. "यांना वाटलं, मी सांगेन."

"आणि मी अर्ज लिहितेय! बारा! नजर तेज आहे म्हणून!" मी एवढी ओरडले की खालच्या मजल्यावरची पायताणं थांबली. "घरात मी एकटीच मूर्ख! सगळ्या जगाशी भांडतेय आणि तुम्ही दोघं इथे बसून रंग कालवताय!" आणखीही बरंच बोलले. आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणून इथे लिहीत नाही.

बाबांनी ऐकून घेतलं. मग पलंगावर बसले आणि सांगितलं. छातीच्या तपासणीला खुर्चीत बसवून त्यांना खाली नेलं होतं, तेव्हा इस्पितळात ते आईला घेऊन डोळ्यांच्या विभागातही जाऊन आले होते. मोतीबिंदू असता तर काढला असता. डोळ्याच्या आतली झीज होती. डॉक्टरीण म्हणाली, वर्षानुवर्षं रंगखात्यातल्या रसायनांच्या वाफांत काम केलेल्यांचं होतं असं, आणि निळा आधी जातो. पण ते वाफांमुळेच झालं हे छातीठोक लिहून देता येणार नाही.

म्हणजे कारखान्याने छाती घेतली होती, निळा घेतला होता, आणि वर तोच पत्र पाठवून विचारत होता की तुमचा निळा कुठे गेला. मी तेच बोलले. म्हटलं, हेच लिहू, वाफांचंच लिहू.

"ते सिद्ध करायला दहा वर्षं लागतील," बाबा म्हणाले. "तेवढी माझ्याकडे नाहीत."

"मग तो गणवेशाचा माल? तो कुणामुळे चुकला? तुमच्या डोळ्यांमुळे की खिडकीमुळे?"

बाबांनी बादलीचा तुकडा उचलून उजेडात धरला. "तेच कळत नाही गं. खिडकी असती तर निदान मला कळलं तरी असतं, की आपलं काहीतरी चुकतंय. त्यांनी तेवढंही राहू दिलं नाही."

म्हणजे नाचताही येत नव्हतं आणि अंगणही वाकडंच होतं. दोन्ही खरं. पण कागदावर फक्त पहिलं लिहिलं जाणार होतं, आणि ते लिहायला माणसं मी स्वतः बोलावली होती.

मी म्हटलं, परीक्षा रद्द करू. आजारपण दाखवू. बाबा म्हणाले, "येऊ दे त्यांना. एकच अट. तू तोंड उघडायचं नाहीस."

मंगळवारी अकराचे पावणेबारा करून दोघं आले. चौकशी अधिकारी म्हणजे टापटीप, गोल, चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत घामाघूम. मागे नवे साहेब, हातात नमुन्यांची पेटी. आईने पाणी दिलं. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि हात पाठीमागे घट्ट धरले. माझा भरवसा नव्हता मला.

परीक्षा सोपी होती. कापडाच्या तुकड्यांच्या बारा जोड्या. जोडी सारखी की वेगळी, आणि वेगळी असेल तर कशात फरक, ते सांगायचं. बाबा खिडकीपाशी बसले. पहिली जोडी, "वेगळी. डावीत लाल जास्त." दुसरी, "सारखी." तिसरी, "वेगळी, पण रंग एकच आहे, सूत वेगळं आहे." नवे साहेब यादीत बघत होते आणि त्यांची मान आपोआप हलत होती. नऊ जोड्या झाल्या, नऊच्या नऊ बरोबर. उरलेल्या तीन बाबांनी उचलूनही न बघता बाजूला सारल्या.

"या निळ्या आहेत. या मला ओळखता येत नाहीत. लिहून घ्या."

अधिकाऱ्यांना आधी विश्वासच बसला नाही. त्यांना वाटलं होतं दिवसभर वाद होईल. त्यांनी पेन उघडलं आणि झरझर लिहायला घेतलं.

"आता एक जोडी माझी," बाबा म्हणाले. त्यांनी उशीखालून दोन तुकडे काढले. परत आलेल्या मालातून जपून ठेवलेले, त्या गणवेशाचेच, एक शर्टाचा, एक पॅंटचा. "साहेब, तुमचे डोळे चांगले आहेत ना?"

"अजून चष्मा नाही मला," अधिकारी म्हणाले.

"मग जरा स्वयंपाकघरात जा. तिथे खिडकी नाही, ट्यूब लावा आणि सांगा."

नवे साहेब काहीतरी बोलायला गेले आणि थांबले. त्यांना पुढचं सगळं समजलं होतं. अधिकारी आत गेले. आतून आवाज आला, "सारखेच आहेत की!"

"आता इकडे घेऊन या."

खिडकीपाशी आल्यावर अधिकाऱ्यांनी तुकडे खालीवर केले, उलटे केले, पुन्हा सुलटे केले. त्यांचं तोंड उघडं राहिलं. "हे वेगळे आहेत."

"तुमचेही डोळे गेले का, साहेब?" बाबांनी विचारलं.

आई पदराआड हसली. मी हसले नाही, मला खोलीत फटाके लावावेसे वाटत होते. बाबा म्हणाले, "माझा निळा गेला हे लिहा. खिडकी बंद होती आणि मी तीन वेळा सांगितलं होतं, हेही त्याखाली लिहा. दोन्हीखाली सही करतो."

अधिकाऱ्यांनी पेनचं टोपण लावलं. "हे बघा, चौकशी डोळ्यांची आहे, खिडकीची नाही. ते माझ्या अधिकारात येत नाही." मग भिंतीवर लावलेल्या तुकड्यांकडे त्यांचं लक्ष गेलं, आणि त्यांना वाटलं की आपण आता प्रेमाने बोलावं. "किती छान छंद आहे तुमचा! सोडा हो हे सगळं. झालं गेलं विसरा. आता घरी निवांत चित्रं काढा."

इतके महिने शांत असलेला माझा बाप उठून उभा राहिला.

"चित्रं?" त्यांचा आवाज मी ओळखला नाही. "यात एक चित्र दाखवा मला. मी कित्येक महिने इथे कामावर आहे. आठला बसतो, पाचला उठतो. तुम्ही मला घरी बसवलंत, माझं काम नाही बंद करता आलं तुम्हाला. निवांत? मी इथे बसून माझे डोळे तपासले, एकेक रंग घेऊन तपासले. जे गेलं ते गेलं म्हणून सांगितलं. तुम्ही काय तपासलंत? एक भिंत बांधलीत आणि एक पत्र लिहिलंत! आज त्या खोलीत जो उभा आहे त्यालाही उद्या हेच पत्र देणार. त्याचे डोळे चांगले असले तरी देणार."

मग खोकला आला. तो इतका वेळ चालला की अधिकारीच घाबरून उभे राहिले. आईने त्यांना बसवलं, पाणी दिलं. खोकला थांबल्यावर बाबा हळू आवाजात म्हणाले, "सही करणार नाही. ते वाक्य लिहून आणा, मग या. कधीही या. मी कुठे जातोय? मी घरीच असतो."

आठ दिवसांनी ते पुन्हा आले. कागद तोच, वाक्य नाही. बाबा तुकड्यावर रंग लावत होते, त्यांनी मान वर केली नाही. "वाक्य?" एवढंच विचारलं. चार मजले वर आणि चार मजले खाली. मी त्या दिवशी कामावर होते, आईने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मी एका तक्रारदाराला चुकून "अगदी बरोबर केलंत" म्हणून बसले.

तिसऱ्या खेपेला वाक्य होतं. टंकलेलं, स्वच्छ: 'सदर मालाच्या तपासणीवेळी रंगखात्यातील उत्तरेकडील खिडकी व्यवस्थापनाने बंद केलेली होती, व याबाबत कर्मचाऱ्याने तीन वेळा तोंडी सूचना दिली होती.' नंतर जिना उतरताना नवे साहेब मला म्हणाले की हे वाक्य त्यांनी हट्ट धरून घालायला लावलं, आणि केबिनची भिंत पुढच्या आठवड्यात पाडणार आहेत. त्यांचे आभार मानावेत की त्यांना तिथेच दोन शब्द सुनवावेत हे मला ठरवता आलं नाही. दोन मजले खाली उतरेपर्यंत ते गेलेही.

पण त्याआधी बाबांनी कागद दोनदा मोठ्याने वाचला आणि सही केली. वाक्य होतं, पण त्याच्या वरच्या ओळीत हेही होतं की दृष्टिदोषामुळे कर्मचाऱ्यास सेवेतून मुक्त करण्यात येत आहे. चौतीस वर्षं त्या एका ओळीत मावली. अधिकाऱ्यांनी पिशवीतून शिक्का काढला, फुंकर घातली आणि दाबला. आमची प्रत आमच्याकडे राहिली.

ते गेल्यावर मी सुरू झाले. खिडकी उघडून काय मिळालं, नोकरी तर गेलीच, वाफांचं कोण बोलणार, आपण यांना असंच सोडायचं का. बाबांनी मला बोलू दिलं. ते कागद खिडकीशी धरून बघत होते. उभा, आडवा, पाठ फिरवून पुन्हा.

"हा शिक्का कसला आहे?" त्यांनी विचारलं.

"कसला म्हणजे? त्यांच्या कार्यालयाचा."

"रंग कसला?"

"निळा."

"कसला निळा?"

मला सांगता येईना. निळा म्हणजे निळा. इतक्या वर्षांत मी निळ्याकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. बाबांनी कोरा तुकडा घेतला, पेटी पुढे ओढली, आणि अंदाजाने दोन रंग कालवून एक पट्टी ओढली. ती फुंकून सुकवली आणि शिक्क्याशेजारी धरून माझ्याकडे बघितलं.

"चुकलंय," मी म्हटलं. "साफ चुकलंय."

"ते मलाही माहीत आहे. कशाने चुकलंय?"

"मला काय विचारता! मला नाही कळत त्यातलं!"

"ओरडू नकोस. बघ आणि सांग."

मी खुर्ची ओढली. कागद गुडघ्यावर घेतला. "तुमचा हिरवट आहे," मी म्हटलं. "त्यांचा तसा नाही. त्यांच्यात थोडं जांभळं आहे." बाबांनी लाल घेतला, ब्रशच्या टोकावर येईल एवढाच. पुन्हा पट्टी. "आता जास्त झालं." पुन्हा. "अजून नाही." त्यांना एकही पट्टी वेगळी दिसत नव्हती. प्रत्येक वेळी ते माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मी सांगेन ते करत होते. माझा राग गेला का? नाही गेला, आजही आहे. ज्या शिक्क्याने माझ्या बापाला कायमचं घरी बसवलं, त्या शिक्क्याचा रंग मी तासभर डोळे फाडून बघत बसले. एकोणिसाव्या पट्टीला तो जुळला, आणि जुळला हे त्यांना मीच सांगितलं.